झळासुराच्या हातात उरलेली सावली

वहिनी, झळासुराला मी मारणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. गोष्टीचा शेवट माझ्या हाती पडला म्हटल्यावर तुम्हाला तिकडेही चैन पडलं नसणार, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

तुमचं तेरावं परवा झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. काल दुपारी मी ओसरीवर नुसता बसलो होतो, तर गौराबाई अंगणात येऊन नेहमीच्या जागी टेकली. तिच्यामागून एकेक करत गल्लीतल्या बाकीच्या विड्या वळणाऱ्याही आल्या. मांडीवर सूप, सुपात विड्यांची पानं आणि तंबाखू, अगदी तुम्ही असताना रविवारी यायच्या तशा. मला वाटलं, समाचाराला आल्या. मी घसा साफ करून दोन शब्द बोलणार, तेवढ्यात गौराबाई म्हणाली, "भाऊ, रडून झालं आमचं. आता गोष्टीचं काय ते सांगा की. पोथी अर्धी सोडली तर बाईच्या जिवाला घोर लागंल."

पोथी या शब्दावरून तुम्ही किती चिडायचात. "अहो बायांनो, ही पोथी नव्हे, मी चुलीपुढे बसून मारलेली थाप आहे," असं तुम्ही किती वेळा सांगितलंत. त्यावर गौराबाईचं ठरलेलं उत्तर. "थाप तर थाप. पर सुरू केलीसा न्हवं? मग पुरी करा. समाप्तीची साखर मी आनती." आपल्या गल्लीत पोथी लावली की अर्ध्यात सोडायची नाही, आणि संपली की साखर वाटल्याशिवाय उठायचं नाही. तुमच्या थापेला त्यांनी हाच नियम लावला. वाचायला सुरुवात करण्याआधी अंकाच्या कागदावर त्या झेंडूचं फूलसुद्धा ठेवायच्या. तुम्ही ते फूल उचलून वेणीत खोचायचात आणि वाचायला लागायचात.

हे छापून येणार आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलं थोडं इतरांसाठी सांगतो. आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर जी अद्भुत कथा येत होती ती माझी नव्हे, तुमची. संपादक मी, मालक मी, प्रूफं तपासणारा आणि अंक टपालात टाकणाराही मीच, म्हणून लोक तीही माझ्या नावावर खपवत. नव्या पेठेत दोनदा मला थांबवून लोकांनी शाबासकी दिली आहे. ती मी घरी येऊन तुमच्या हवाली केली, आणि तुम्ही "ठेवा फडताळात" म्हणालात. शनिवारी अंक निघायचा, रविवारी दुपारी तुम्ही अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून तो भाग मोठ्याने वाचायचात, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकींना अक्षर येत नाही.

झळासुर हा मांत्रिक. त्याला मरणाचं फार भय. कुणीतरी त्याला सांगितलं की सावल्या कातून त्यांचं घोंगडं विण, ते अंगावर असेतो मरण तुला शिवणार नाही. मग तो आपल्यासारख्याच एका कोरड्या मुलखात आला आणि त्याने सावल्या चोरायला सुरुवात केली. माणसांच्या, गुरांच्या, झाडांच्या, भिंतींच्या. चिंच उभी, पण तिच्याखाली ऊन. घर उभं, पण घरात ऊन. राक्षसांचे सुळे आणि नखं मीही पुष्कळ छापली आहेत, त्याने कुणी घाबरत नाही. पण सोलापुरात वैशाखातल्या दुपारी बसून तुमचा पहिला भाग ऐकताना गौराबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला मी पाहिला. त्यानंतर बायका त्याला झळ्या म्हणू लागल्या, आणि अंगणात कुणाचं दूध नासलं तरी झळ्याचा उद्धार व्हायचा.

या मुलखात मेंढरं राखणारी तानी राहते. तिच्या लहान पोरीचीही सावली चोरीला गेली आणि पोर त्या उन्हात दगावली. तेव्हा लोकर कातरायची कात्री घेऊन तानी झळासुराच्या मागावर निघाली आणि डोंगर, भुयारं, बोलणारे साप, रुसलेली विहीर असं सगळं ओलांडून एकदाची त्याच्यापर्यंत पोचली. तो झोपला होता. तिने घोंगड्याची कड कातरली, घोंगडं ओढून काढलं आणि झळासुर उघड्या अंगाने उन्हात कोसळला.

इथे आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणालो, आता एक घाव आणि शेवट. अद्भुत गोष्ट अशीच संपते. ज्याने मुलखाचं वाटोळं केलं त्याचं मुंडकं उडालं पाहिजे, त्याशिवाय वाचकाला झोप लागत नाही. तुम्ही भाकरी थापत होतात. थापता थापताच म्हणालात, "आणि सावल्या परत कोण करणार? तुम्ही?"

"मग आधी सावल्या परत करवून घ्या आणि मग मारा."

"छान. म्हणजे काम करून घ्यायचं आणि मजुरीला मान कापायची."

"वहिनी, एवढं करून तो मोकळा सुटणार?"

तुम्ही हात थांबवलात. "मोकळा मी कुठं करतेय, भाऊजी? मोकळा तर तुम्ही करताय, एका घावात. मी म्हणते, त्याने ते घोंगडं उसवावं. एकेक धागा. दारोदार जाऊन ज्याची त्याला द्यावी. उन्हात उभं राहून. लोक थुंकतील, कुत्री सोडतील, तरी द्यावी. ही शिक्षा कमी वाटते तुम्हाला?"

मला कमीच वाटत होती. मी तसं म्हणालो आणि ताटावरून उठलो. तुम्ही मागून "भाकरी करपली तुमच्या नादात" एवढंच म्हणालात.

त्याच आठवड्यात तुम्ही माहेरच्या लग्नाला कुंभारीला गेलात आणि मागे तो घोळ झाला. आपल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा सिद्राम माणूस सज्जन, पण रिकामी जागा त्याला बघवत नाही. झळासुर कोसळतो तो भाग जरा आखूड निघाला, खाली दोन बोटं जागा उरली, आणि सिद्रामाने तिथे 'समाप्त'चा ठसा लावून दिला. मी प्रूफ पाहिलं. मला वाटलं, वहिनींना माझं म्हणणं पटलं, जाता जाता शेवट करून गेल्या. असा आनंद मला फार दिवसांनी झाला होता. रविवारी तुमच्या जागी बसून मीच वाचलं आणि 'समाप्त' हा शब्द चांगला ठासून उच्चारला. गौराबाईने साखर वाटली. एकीने तर झळ्याच्या नावाने बोटं मोडली.

तुम्ही परत आलात तेव्हा पाय धुवायच्या आत तुमच्या तळहातावर साखर पडली. "झळ्या मेला. घ्या." तुम्ही तशाच उभ्या राहिलात. मला ते चित्र अजून दिसतं, काखेत बोचकं आणि पुढे केलेला हात.

"कोण म्हणालं मेला?"

"छापून आलंय की. समाप्ती झाली. आमी साखर खाल्ली."

"साखर वाटली म्हणून माणूस मरतो होय?"

तुम्ही साखर तोंडात टाकलीत, आत गेलात आणि पुढच्या अंकात झळासुराने डोळे उघडले. बायकांमध्ये दोन तट पडले. समाप्ती झालेली पोथी पुन्हा उघडली म्हणून अर्ध्याजणी रुसल्या. पण घरी बसून राहवेना, म्हणून त्या यायच्या आणि तुमच्याकडे पाठ करून विड्या वळायच्या. तुम्ही आवाज जरा चढवायचात, म्हणजे पाठीला ऐकू यावं. पाठी हळूहळू वळल्या. झळासुराने पहिली सावली एका म्हाताऱ्या बैलाला परत दिली आणि बैलाने त्याला शिंग मारलं, त्या दिवशी शेवटची पाठ वळली.

आता दादाचं लिहितो. गल्लीला सगळं ठाऊकच आहे, आणि ज्याच्याविषयी लिहितोय त्याची मी परवानगी घेतली आहे.

तुमच्या कमळीला ताप चढला तेव्हा मी गावात नव्हतो. तुम्ही दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, तुमच्या नवऱ्याला, डॉक्टर आणायला पाठवलंत. वाटेत कोपऱ्यावर पत्त्यांचा डाव बसला होता. एक डाव, म्हणून तो टेकला. उठला तेव्हा उन्हं कलली होती. घराच्या वळणापर्यंत आला, आतलं रडणं ऐकलं आणि तिथूनच मागे फिरला. मग बरीच वर्षं तो कुठे होता ते आजही मला नीट ठाऊक नाही. तुमची पोर गेली आणि त्याच दुपारी तुमचा नवराही गेला. माझी पुतणी गेली, माझा भाऊ गेला. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

तो परत आला तीही भर दुपारच होती. दाढी वाढलेली, पायात काही नाही. दारात उभा राहिला, मान खाली. मी कोपऱ्यातली काठी उचलली. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि मी ती खाली घेतली, पण हातातून सोडली नाही. तुम्ही आत गेलात, तांब्यात पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आलात आणि बाहेर लिंबाच्या पारावर ठेवलंत. तो प्यायला. मग तुम्ही म्हणालात, "घरात यायचं नाही." तो उठायला लागला. तुम्ही म्हणालात, "आणि आता पळूनही जायचं नाही."

"मग मी करू काय?" त्याने विचारलं.

"गल्लीत कुणाचं पोर आजारी पडलं की डॉक्टर आणायला तुम्ही जायचं."

नंतर मी तुमच्याशी खूप भांडलो. हाकलून द्या म्हणालो, नाहीतर मी हाकलतो. तुमचं उत्तर मला तेव्हा कळलं नव्हतं. "हाकललं की सुटले ते, भाऊजी. मला त्यांना सोडायचं नाही."

तेव्हापासून तो छापखान्यामागच्या खोपटात झोपतो, दिवसा लिंबाखाली असतो. तुम्ही ताट वाढून पारावर ठेवायचात आणि आत जायचात. आणि कुणीही, रात्री म्हणू नका, दुपारी म्हणू नका, "पोराला ताप हाय" म्हणत आलं की तो उठायचा. डॉक्टर भेटेपर्यंत तो पाणीसुद्धा प्यायचा नाही. त्याचं नाव असं पसरलं की एकदा कुंभारीहून एक शेतकरी आला आणि मलाच विचारू लागला, "ते डॉक्टर आननारं मानूस हितंच ऱ्हातंय व्हय?" त्याला वाटलं होतं, हाही अर्धा डॉक्टर असणार. तुम्ही दाराआड उभं राहून ऐकलंत आणि हसलात. दादाच्या बाबतीत तुम्हाला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दादा परतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही झळासुर लिहायला घेतलात. साहजिकच गल्लीने अर्थ लावला. मीही लावला आणि एकदा तोंडावर विचारलं. तुम्ही डाळ निवडत होतात. "गोष्टीत माणसं शोधू नका," तुम्ही म्हणालात. "माणसंच हवी असतील तर अंगणात बघा, आहेत बसलेली." विषय संपला. तुमच्याशी बोलताना विषय तुम्हीच संपवायचात.

फक्त एकदा तो मी संपवला. झळासुराचं घोंगडं बरंचसं उसवून झालं होतं, पाठमोऱ्या बायकासुद्धा आता त्याच्यासाठी हळहळायला लागल्या होत्या, आणि मला ते सहन होईना. मी म्हणालो, "बैलाची बैलाला मिळाली, चिंचेची चिंचेला मिळाली, सगळं ठीक. पण तानीच्या पोरीची सावली तो कुणाला देणार? ती घ्यायला आहे कोण?" मी कमळीचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि आत गेलात.

पुढच्या शनिवारी माझा प्रश्न गोष्टीत होता. तुम्ही तो तानीच्या तोंडी घातला होतात, शब्द जवळजवळ माझेच. घोंगडं उसवून संपलंय, झळासुराच्या तळहातावर पावलाएवढी एक सावली उरली आहे आणि तानी समोर उभी आहे. तुम्ही तिथे थांबलात. "उत्तर सापडलं की लिहीन," म्हणालात. त्याच आठवड्यात तुम्हाला ताप भरला.

दादा कसा पळाला ते तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून सांगतो. वहाणा पाराखाली तशाच राहिल्या. येताना टांग्यात डॉक्टर आणि टांग्याच्या पुढे हा, वाट मोकळी करत, ओरडत. डॉक्टर वेळेत आला, वहिनी. तो स्वतः तसं म्हणाला, आणि जे करता येण्याजोगं होतं ते त्याने सगळं केलं. तरी तुम्ही गेलात. त्या शेवटच्या सकाळी शेजारच्यांनी दादाला म्हटलं, आत जा, आता कसला मानापमान. तो उंबऱ्याशी आला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, बराच वेळ बघितलंत. तो उंबऱ्याच्या बाहेरच बसून राहिला. त्या बघण्यात काय होतं हे मला विचारायचं होतं, आणि आता ते राहूनच गेलं.

तेराव्याला पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं. कुणी म्हणालं, थोरला आहे, घर त्याचंच, झालं गेलं गंगेला मिळालं, आता आत घे. कुणी म्हणालं, ज्या बाईने ठेवून घेतला ती गेली, आता कशाला पोसतोस, वाटेला लाव. दोन्ही तऱ्हेची माणसं जिलबी मागून मागून खात होती. मला दोघांचाही सारखाच राग आला. आणि संध्याकाळी दादा स्वतःच बोचकं बांधून पारावर बसलेला दिसला.

"जातो," तो म्हणाला. "ती होती म्हणून थांबलो होतो. आता कुणासाठी थांबू?"

खरं सांगतो, 'जा' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. इतकी वर्षं मी तो जपून ठेवला होता. मी म्हणालो, "दोन दिवस थांब. मला आधी तिची गोष्ट पुरी करायची आहे." त्याने बोचकं सोडलं नाही, पण उठलाही नाही.

काल बायका गेल्यावर लिहायला बसलो. आधी तुमचे कागद चाळले. कुठे काही टिपण असेल, एखादी ओळ असेल, म्हणून डबे, फडताळ, चुलीमागची फळीसुद्धा पाहिली. काही नाही. तुम्हाला उत्तर सापडलंच नव्हतं, किंवा सापडलं होतं आणि लिहायला वेळ मिळाला नाही. मग मी माझ्या मनासारखं लिहिलं. तानीने कात्री उचलली आणि झळासुराला मारलं. चार ओळींत झालं. हात कुठे अडखळला नाही.

पाचवी ओळ लिहायला गेलो आणि अडलो. तो मेला. तळहात उघडा पडला. पावलाएवढी सावली मातीत पडली. आता? तानी ती उचलून घरी नेणार आणि कुणाच्या पायाशी ठेवणार? मुलूख ढोल वाजवणार, वाचक झोपायला जाणार, आणि ही बाई त्या मोकळ्या घरात ती सावली घेऊन बसणार. मी झळासुराला मारला तो तानीसाठी नव्हे, माझ्यासाठी. आम्ही गोष्टी लिहिणारे राक्षसाला शेवटच्या पानावर मारतो, कारण त्याच्यापुढचं आम्हाला लिहिता येत नाही. मरण ही आमची सोय. तुम्ही ही सोय मला तेव्हाच नाकारली होतीत, भाकरी थापता थापता.

मी चारही ओळी खोडल्या. समोर अंगणात दादा बोचकं मांडीवर घेऊन बसलेला दिसत होता. मग तानी बोलायला लागली, आणि ती तुमच्या आवाजात बोलली. मी नुसता उतरवून घेत गेलो. तेवढा तुकडा इथे देतो, तुमच्या नजरेखालून जाऊ दे.

"झळासुराने ती सावली तानीपुढे धरली. तानी म्हणाली, ही मला देऊन तू मोकळा व्हायला बघतोस. ते होणार नाही. ही तुझ्याजवळ राहील. गावात तुला जागा नाही, आणि मुलूख सोडून पळायचंही नाही. शिवेशिवेने चालायचं. उन्हात पोर दिसलं की ही त्याच्या डोक्यावर धरायची, ते घरी पोचेपर्यंत. झळासुराने विचारलं, आणि माझ्या डोक्यावर? तानी म्हणाली, तुझ्या डोक्यावर ऊन. त्याने विचारलं, कुठवर? तिने कात्री कमरेला खोचली आणि ती मेंढरांकडे गेली. पलीकडच्या रानात एक पोर वासरामागे उन्हात धावत होतं. झळासुर उठला."

यात क्षमा हा शब्द कुठे नाही. तुम्हीही तो कधी वापरला नाहीत. मला इतके दिवस वाटायचं, दया म्हणजे पोटात घालणं, विसरणं, आत घेणं, आणि ते मला जमणार नाही म्हणून मी भांडत होतो. तुम्ही आत घेतलं नाहीत. विसरलाही नाहीत. फक्त त्याला एक काम दिलंत आणि ते करण्यापुरता पुढचा दिवस दिलात, मग त्याच्यापुढचा. तुम्ही हे अंगणात कधीच लिहून ठेवलं होतंत. मी फडताळात शोधत होतो.

सकाळी सिद्रामाने मजकूर जुळवला. खाली पुन्हा दोन बोटं जागा उरली. ठसा हातात धरून तो माझ्याकडे आला. त्या घोळानंतर त्याने मला विचारल्याशिवाय एक टिंबसुद्धा लावलेलं नाही. "मालक, ह्या वक्ताला लावू का?"

"लाव," मी म्हणालो. "पोथी संपली. रविवारी साखर वाटायची आहे."

"पर त्यो चालतोयच की अजून."

"चालू दे. त्याला कोण थांबवतंय?"

हा मजकूर त्याच अंकात, तुमच्या शेवटच्या भागाच्या आधीच्या पानावर जाईल. या वेळी गोष्टीखाली तुमचं नावही घातलं आहे. तुम्ही नको म्हणाला असतात. पण भांडायला तुम्ही नाही, तेव्हा हे भांडण मी जिंकलं असं समजा. मला त्यात काही गोडी वाटली नाही.

दुपारी मिलचा भोंगा झाल्यावर मी दोन ताटं वाढली आणि बाहेर पारावर गेलो. दादाने माझ्या हातातली दोन ताटं पाहिली, मग दाराकडे पाहिलं.

"तिला चाललं असतं का?" त्याने विचारलं.

"तुला आत घेणं न घेणं तिच्या हातात होतं, आणि ती ते बरोबर घेऊन गेली. तिच्या वतीने मी तुला काही देऊ शकत नाही," मी म्हणालो. "मी बाहेर आलोय, तो माझ्या वतीने. बोचकं खोपटात ठेव. ते काम अजून संपलेलं नाही."

तो उठला. बोचकं ठेवून आला, हात धुतले आणि बसला. इतक्या वर्षांनी आम्ही भाऊ समोरासमोर जेवायला बसलो. कमळीच्या दुपारचा राग माझ्या पोटात तसाच आहे, वहिनी. तो असतानाही जेवता येतं, एवढं आज कळलं.

त्याने दुसरा घास उचलला असेल नसेल, पलीकडच्या आळीतली एक बाई डोक्यावर पदर घेऊन धावत आली. "दादा, पोराचं आंग लई तापलंय." त्याने घास ताटात ठेवला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि निघाला. मी हाक मारली, म्हणून वहाणा तेवढ्या घातल्या.

मी त्याचं ताट झाकून ठेवलं आहे. भाजी निवेल, निवू दे. तो येईपर्यंत मी इथेच बसतो.